हिमोग्लोबिन १३.१ आणि तरीही लोह कमी

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडतं त्या आजाराच्या, ओपीडीत एक काका येतात, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के, फेल्युअरची चारही मुख्य औषधं चालू, पायावरची सूज गेलेली, बीपी छान, वजन ६२ वर स्थिर. आणि तरी त्या दिवशी काका म्हणाले, "डॉक्टर, एक जिना चढलो की मांड्यांत जीवच राहत नाही हो." दम लागतो म्हणाले असते तर मी आधी पाणी साठलंय का बघितलं असतं, पण मांड्या म्हटल्यावर मला लोहाची शंका आली.

सोबत मुलगी होती, ती फाईल पुढे करून म्हणाली की रक्त तर चांगलं आहे, हिमोग्लोबिन १३.१ आहे. खरंच होतं ते, आणि इथेच हे निदान सुटतं कारण सगळे हिमोग्लोबिन बघून थांबतात. लोह फक्त रक्तात लागत नाही, हृदयाच्या आणि पायाच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जा बनवायला पण लागतं, म्हणजे अॅनिमिया नसतानाही पेशंट थकतो. हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या पेशंटमधे लोह कमी सापडतं, त्यामुळे फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) प्रत्येकाचं व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

रिपोर्ट आला, फेरिटिन १४२. लॅबच्या कागदावर नॉर्मल, लाल खूण वगैरे काही नाही. पण सॅच्युरेशन ११ टक्के! या आजारात शरीरात सूज-दाह असतो आणि त्याने फेरिटिन उगाच वर जातं, म्हणून हार्ट फेल्युअरमधे निकष वेगळा: फेरिटिन १०० च्या खाली असेल तर कमतरता, आणि १०० ते २९९ मधे असेल तर सॅच्युरेशन २० च्या खाली हवं. काका बरोब्बर त्यात बसत होते.

मुलगी म्हणाली गोळ्या द्या ना, सुई कशाला. प्रश्न रास्त होता. पण दाहामुळे हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात जाऊच देत नाही, दारावर कुलूप लावल्यासारखं. २०१७ च्या आयर्नआउट ट्रायलमधे १६ आठवडे गोळ्या देऊनही व्यायामाची क्षमता वाढली नव्हती. हे सगळं सांगितल्यावर दोघं तयार झाले. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, म्हणजे शिरेतून द्यायचं लोह, १००० मिलिग्रॅम, सलाईनमधून, पंधरा मिनिटांत गेलं, मग अर्धा तास रिअॅक्शनसाठी बसवून ठेवलं, काही झालं नाही.

मी त्यांना आयुष्य वाढेल असं सांगितलं नाही. २०२० च्या अफर्म ट्रायलमधे हेच लोह दिल्यावर हार्ट फेल्युअरसाठी परत अॅडमिट होणं कमी झालं पण मृत्यूत फरक नव्हता, आणि २०२३ च्या हार्ट-फिडमधे ३००० हून जास्त पेशंट घेऊनही अपेक्षेइतका ठोस फायदा दिसला नाही. पण रोजचं चालणं-फिरणं सुधारतं याचा पुरावा चांगला आहे, आणि काकांना तेच हवं होतं.

तीन महिन्यांनी सॅच्युरेशन २४ झालं, सहा मिनिटांच्या वॉक टेस्टला आधीपेक्षा बरेच मीटर जास्त चालले, मधे एकदाही न थांबता. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फक्त लोह भरलं म्हणजे काम संपत नाही, ते गेलं कुठे हे शोधावं लागतं, त्यात काका रक्त पातळ करायच्या गोळीवर, म्हणून त्यांना लगेच पोटाच्या डॉक्टरांकडे एंडोस्कोपीसाठी पाठवलंय.