तुम्ही विचारलंत म्हणून: तुझा जोडीदार चर्चला जातो, तू संकष्टी धरतेस, मग जमतं कसं?

हा प्रश्न ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेल्या काकूंनी पण विचारलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

जमतं कारण दोघंही मनापासून मानतो. याच्या आधी एका स्थळाशी बोलणं चालू होतं, आपल्यातलाच, पत्रिका जुळलेली, पण उपवास म्हटलं की त्याची टिंगल सुरू, चंद्राला भूक लागली का गं विचारायचा आणि वर स्वतःला मॉडर्न समजायचा. वसईच्या या कुपारी (म्हणजे तिथल्या मराठमोळ्या कॅथलिक समाजातल्या) मुलाने संकष्टीचं कळल्यावर एवढंच विचारलं, आज चंद्रोदय किती वाजता? मग नऊनंतरच भेटू. खरं सांगू का, दुसऱ्या धर्मातला श्रद्धाळू माणूस मला आपल्यातल्या खिल्ली उडवणाऱ्यापेक्षा लवकर कळतो.

एकदा त्यांच्या उपवासकाळातला (ईस्टरच्या आधीचा लेंट, त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य) शुक्रवार आणि माझी संकष्टी एकाच दिवशी आली. त्याला मटण चालत नव्हतं, मला चंद्र दिसेपर्यंत काहीच नाही, वेटर दोनदा येऊन गेला आणि आम्ही लिंबूसरबत घेऊन बसलो होतो 😄 राखेच्या बुधवारी, म्हणजे हा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, तो कपाळावर राख लावून तसाच आमच्याकडे आला तर आई म्हणाली, कुठल्या मठाचा अंगारा रे? त्याने नीट समजावून सांगितलं आणि त्या दिवसापासून आईचा विरोध निम्मा झाला. त्यांच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, घरात सामवेदी बोली, आजी अजून लाल लुगडं नेसते, त्यामुळे "परके लोक" म्हणायला आमच्या नातेवाईकांना फार काही सापडलं नाही.

अडतं ते कागदावर आणि कॅलेंडरात. धर्म न बदलता लग्न करायचं तर एक रस्ता 1954 चा विशेष विवाह कायदा, त्यात 30 दिवस नोटीस लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, म्हणजे नको त्या माणसांना आयतं आमंत्रणच. दुसरा 1872 चा ख्रिश्चन विवाह कायदा, त्यात दोघांपैकी एकजण ख्रिश्चन असला तरी चालतं. आम्ही चर्च निवडलं कारण तसं केलं नाही तर त्याला कम्युनियन (मिस्सात मिळणारा पवित्र प्रसाद) घेता येणार नाही, आणि ते त्याच्यासाठी किती मोठं आहे हे मला दिसतं. त्यासाठी बिशपांची खास परवानगी लागते. तारीख काढताना मात्र दोन्ही आया हटून बसल्या, त्यांच्या उपवासकाळात नको, आमच्या चातुर्मासात नको, उरलेल्या महिन्यांत हॉल मिळेना.

मुलांचं काय, हे पण विचारता ना. त्या परवानगीसाठी कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून मी जमेल तितकं सगळं करीन. पूर्वी दुसऱ्याकडूनही वचन घ्यायचे, 1970 पासून त्याला फक्त कळवतात. त्याने वचन दिलं, मला कळवलं, आणि मी तिथेच फादरसमोर सांगितलं की बारसं पण होणार, बाकीचं मूल मोठं झालं की ते ठरवेल. त्याला हे "बाकीचं" अजिबात पटलेलं नाही. वाद चालू आहे, काल रात्री पण झाला.