बंदराला समुद्र नव्हता

सहलीहून परतल्यावर एका प्रवाशाच्या तक्रारीवर मला लेखी खुलासा द्यावा लागला. ‘बंदर दाखवतो म्हणून टूर मॅनेजरने डामेला नेले, तेथे समुद्रच नव्हता,’ अशी ती तक्रार होती. कार्यालयाला मी तीन ओळी लिहून दिल्या, तरी विषय डोक्यातून जात नाही.

बेल्जियममधल्या ब्रुज शहरात त्या दिवशी कालव्यातल्या बोटींसाठी एवढी रांग होती की तिच्यात थांबलो असतो, तर बसचालकाची वेळ भरली असती. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची असते आणि मिनिटामिनिटाची नोंद गाडीतल्या यंत्रात होते. नकाशावर बोट ठेवून कार्यक्रम आखणाऱ्यांना हे कितीही सांगितले तरी पटत नाही. म्हणून बोट रद्द करून जवळच्या डामेला तासभर थांबायचे ठरवले.

डामे हे ब्रुजचे बंदर होते. झ्विन नावाच्या खाडीतून येणारी मोठी जहाजे येथे लागत आणि माल लहान होड्यांतून ब्रुजला जाई. 1180 मध्ये याला शहराचे अधिकार मिळाले. 1468 च्या जुलैमध्ये बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स आणि इंग्लंडच्या राजाची बहीण मार्गारेट यांचा विवाह येथेच लागला. पुढे खाडी गाळाने भरली, व्यापार गेला, माणसे गेली. आज ज्याच्या काठची कललेली पॉप्लरची झाडे सगळे टिपतात, तो कालवासुद्धा जुन्या बंदराचा नव्हे. इंग्रजी आरमाराला टाळून सैन्य हलवता यावे म्हणून नेपोलियनने तो काढायला लावला.

खरे पाहायचे ते चर्च. एवढी मोठी वास्तू सांभाळणे उरलेल्या वस्तीला झेपेना, तेव्हा 1725 मध्ये तिचा मधला भाग पाडला गेला. त्यामुळे मनोरा एकीकडे, चर्च दुसरीकडे आणि मधे छप्पर नसलेल्या विटांच्या कमानी, अशी ती उभी आहे. गाळाने गावाचे काय केले हे मी तेथे उभा राहून सांगतो आणि ते मला चांगले सांगता येते, असे माझे मत आहे. त्या दिवशी मात्र नालासोपाऱ्याच्या एका आजींनी मला मधेच थांबवून मंडळींना सांगितले, “अहो, आमच्या सोपाऱ्यालाही एके काळी जहाजे लागायची. आता दाखवा बरं बंदर!” माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने जे झाले नव्हते ते त्या वाक्याने झाले. तक्रारदार गृहस्थ तेव्हा चौकात, 1860 मध्ये बसवलेल्या कवी मार्लांटच्या पुतळ्यापाशी, फोनवर ब्रुजच्या चॉकलेटांचे भाव विचारत होते.

आता कार्यालयाने तोडगा काढला आहे. पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘बंदर’ हा शब्द नाही; ‘डामे : छायाचित्रांसाठी थांबा, 20 मिनिटे’ एवढेच आहे. तेवढ्या वेळात टाउन हॉलसमोर सर्वांचे फोटो होतील. चर्चपर्यंत कोणी पोहोचणार नाही, हे मी कळवले आहे. उत्तर आलेले नाही.