आंब्याच्या खोक्यावरचे त्रेचाळीस लाख

खोकी छापणाऱ्याला संध्याकाळी सहापर्यंत फायनल आर्टवर्क हवं होतं, आणि खोक्यावर ठळक छापायचा वेबसाइटचा पत्ता अजून आमचा झालेलाच नव्हता. 2025च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी पुण्यात छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट करतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, घेऊन देणं, त्यांच्या मुदती सांभाळणं, हवं ते नाव आधीच कुणी अडवून ठेवलं असेल तर ते सुटतंय का बघणं, ही त्यातली बारीकसारीक कामं. गिऱ्हाईक रत्नागिरीकडचे बागायतदार, साठी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणतो. आजवर त्यांचा माल वाशीला दलालाकडं जायचा. आता मुलीनं मनावर घेतलं होतं, एकेक-दोनदोन डझनांची पुठ्ठ्याची खोकी थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवायची.

नाव काकांनीच ठरवलेलं. आधी गावाचं नाव, त्याला जोडून आंबा, इंग्रजी स्पेलिंगात, पुढं डॉट कॉम. "सोपं आहे, पोराटोरांच्याही लक्षात राहील," असं त्यांचं म्हणणं. इतकं सोपं होतं म्हणूनच ते 2011 साली कुणीतरी घेऊन टाकलेलं होतं. पत्ता उघडला तर वेबसाइट नाही, नुसतं निळसर पान. मधोमध ते नाव, खाली 'विक्रीसाठी उपलब्ध', एक हिरवं बटण आणि आकडा : 49,888 डॉलर. रुपयांत त्रेचाळीस लाखांच्या वर. शेवटचे आठ्ठे शोभेचे. चिनी खरेदीदारांना आठ शुभ वाटतो आणि 2015च्या आसपास त्यांनी छोट्या नावांवर उड्या टाकल्या होत्या. तेव्हापासून आपल्याकडचे लोकही किमतीत आठ पेरतात, रत्नागिरीच्या आंब्याला चिनी गिऱ्हाईक येणार असल्यासारखे.

काकांना फोनवर आकडा सांगितला.

"वर्षाला?"

"नाही काका, एकदाच. वर्षाचे हजार-बाराशे वेगळे."

"एवढ्यात तर मी शेजारची बाग घेईन की हो!"

मालक कोण ते कळायला मार्ग नव्हता. पूर्वी हूइज, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे त्याची नोंद, काढलं की नाव, पत्ता, फोन सगळं दिसायचं. युरोपातला खासगीपणाचा कायदा 2018च्या मे महिन्यात लागू झाला आणि ती माहिती जवळपास सगळीकडं झाकली गेली. उरतो तो पानावरचा चौकशीचा फॉर्म. मी तो माझ्या साध्या जीमेलवरून भरला. गिऱ्हाइकाचं नाव नाही, हंगामाचा उल्लेख नाही, घाई तर अजिबात दाखवायची नाही. 'हे नाव अजून विकायचं आहे का, आणि अपेक्षा काय आहे?' एवढंच.

जेवून आलो आणि पान पुन्हा उघडलं. 64,888 डॉलर, म्हणजे छप्पन्न लाखांच्या वर.

मधल्या तीन तासांत त्या नावात काहीही घडलं नव्हतं. त्यावर कुणी काही बांधलं नव्हतं. फक्त एक चौकशी गेली होती. विकणाऱ्याच्या लेखी तोच पुरावा की मागणी आली. या धंद्यात हे मी पुष्कळदा पाहिलंय आणि तरी दरवेळी चिडतो. भाजीवाला भाव विचारल्यावर किंमत वाढवायला लागला तर मंडईत काय होईल!

दोनच्या सुमारास मालकाचाच फोन आला. नवी मुंबईत राहणारे, आयटीतले गृहस्थ, बोलणं अतिशय सभ्य. अशी तीनेकशे नावं त्यांनी साठवलेली: गावं, फळं, देवस्थानं, लग्नाचे हॉल, जे सुचेल ते.

"सर, ही प्रीमियम प्रॉपर्टी आहे," ते म्हणाले. "व्हॉइस डॉट कॉम कितीला गेलं, माहितीय ना?"

माहिती होतं. 2019 साली 3 कोटी डॉलरला. पण तो एक इंग्रजी शब्द, जगभर समजणारा. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही मोठी कंपनी, विकायची तिला घाई नव्हती. घेणाऱ्या ब्लॉक डॉट वन या क्रिप्टो कंपनीकडं गुंतवणूकदारांचा पैसा ओसंडून वाहत होता. टेस्ला डॉट कॉमसाठी 1.1 कोटी डॉलर आणि दहा वर्षांहून जास्त काळ गेला, हे एलॉन मस्कनं स्वतःच सांगितलेलं आहे. तिथं गाड्या विकणाऱ्या कंपनीला नेमकं तेच नाव हवं होतं. आणि 2010च्या कारइन्शुरन्स डॉट कॉमच्या जवळपास 5 कोटी डॉलरच्या सौद्याचं उदाहरण सगळे देतात, तेव्हा त्यात चालू वेबसाइट आणि तिचा धंदाही होता हे कुणी सांगत नाही. डॉट कॉमची नावं आज 15 कोटींच्या वर आहेत. त्यांतल्या वर्तमानपत्रात छापून आलेल्या मूठभर नावांवरून बाकीचे आपला भाव ठरवतात. झालेल्या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइट आहेत. तिथली यादी खालपर्यंत सरकवत गेलं की बहुतेक सौदे काही शे ते काही हजार डॉलरचेच दिसतात. ती यादी मात्र कुणी खालपर्यंत सरकवत नाही.

मी हे त्यांना जरा सौम्य करून सांगितलं. त्यांनी लगेच जिओहॉटस्टार डॉट कॉमचं प्रकरण काढलं, तेव्हा ते ताजं होतं. मी म्हटलं, जिओ आणि हॉटस्टार एक होणार हे हेरून दिल्लीच्या त्या मुलानं नाव आधीच घेऊन ठेवलं आणि त्याच्या बदल्यात केंब्रिजची फी मागितली, कंपनीनं ती दिली नाही. नाव पुढं दुबईतल्या दोन भावंडांकडं गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. यातून तुमच्या आकड्याला आधार कसा मिळतो?

"तो ब्रँडचा मामला होता. आमचं जेनेरिक आहे, कुणा एकाचा ब्रँड नाही."

इथं मात्र त्यांचं बरोबर होतं, आणि तेच आमच्या अडचणीचं होतं. कारण सकाळीच काकांनी मला विचारलं होतं, "माझ्याकडं हापूसचं जीआय आहे. मग नाव माझंच ना? नोटीस पाठवू या." कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि काकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून रीतसर नोंदणी केलेली आहे, प्रमाणपत्र ओटीवर फ्रेम करून लावलंय. पण जीआय एका माणसाचं नसतं, त्या टापूतल्या सगळ्यांचं असतं. डॉट कॉमच्या तंट्यांसाठी 1999पासून जी पद्धत आहे तिच्यात तक्रार ट्रेडमार्कच्या जोरावर करावी लागते. जीआय तिथं पुरत नाही. शिवाय समोरच्यानं नाव वाईट हेतूनं घेतलं आणि वापरलं हेही दाखवावं लागतं. जिनिव्हाच्या वायपोकडं, म्हणजे बौद्धिक संपदेच्या जागतिक संघटनेकडं जायचं तर एका पंचाची फीच 1,500 डॉलर, वकील वेगळा. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं, त्याचा उपयोग ज्याच्या नावाला बाजारात आधीपासून ओळख आहे त्याला. गाव आणि फळ जोडून 2011 साली कुणी ठेवलं तर त्यात चोरी काही नाही. त्या गृहस्थांना मी एकदाही चोर म्हटलं नाही, आणि म्हणणारही नाही.

काका म्हणाले, मलाच बोलू दे. कॉन्फरन्सवर घेतलं.

"नमस्कार. मला सांगा, चौदा वर्षांत याला कोणी किती देऊ केलं?"

"ऑफर्स येत असतात."

"आल्या ना? आकडा सांगा. आमच्यात पूर्वी रुमालाखाली सौदा व्हायचा, पण तिथंसुद्धा बोटं तरी हलायची."

पलीकडून आकडा आला नाही. त्याऐवजी छत्तीस महिन्यांच्या हप्त्यांची सोय आली. मी कॅल्क्युलेटर काढला. छप्पन्न लाखांचे महिन्याला दीड लाखाच्या वर होत होते. काका म्हणाले, "म्हणजे आंबे विकायला हप्ता भरायचा, की हप्ता भरायला आंबे विकायचे?" आणि मग अगदी शांतपणे, साठ हजार रोख आजच्या आज देतो म्हणाले.

साठ हजार हा मला हास्यास्पद आकडा वाटला नाही. तीनशे नावं सांभाळायची म्हणजे नूतनीकरणालाच वर्षाला तीन-साडेतीन लाख जातात. या धंद्यात रुळलेला अंदाज असा की साठ्यातली शेकडा एक-दोन नावं वर्षाला विकली जातात. म्हणजे तीन ते सहा नावांनी सगळ्या तीनशेंचा खर्च काढायचा. त्या हिशेबानं एका नावाला लाख-दीड लाख मागणं मला रास्त वाटतं आणि काकांना मी वरची मर्यादा दीडच सांगितली होती. माझा वाद लाखाशी नाही. माझा वाद त्या आकड्याशी आहे जो कुठल्याही हिशेबातून निघत नाही, कारण तो उत्तर यावं म्हणून लावलेलाच नसतो.

"तुमच्यासाठी चाळीस लाख," ते म्हणाले. "याखाली मला परवडणार नाही." खरं तर एवढंच वाक्य मला खोटं वाटलं. बाकी ते जे बोलले ते त्यांना मनापासून पटलेलं होतं.

फोन ठेवल्यावर काकांनी मला विचारलं, ते नाव धरून ठेवायला त्यांना वर्षाला किती पडतात. म्हटलं, हजार-बाराशे. "हं," म्हणाले, "मग तो कशाला उतरेल? माझा आंबा आज गेला नाही तर उद्या डागी होतो, म्हणून दुपारनंतर मी दर पाडतो. त्याचा माल काय सडत नाय." मी या विषयावर गिऱ्हाइकांना अर्धा अर्धा तास समजावत आलोय, इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. धरून ठेवायला काहीच लागत नसेल तर घसघशीत आकडा लावून बसणं हा वेडेपणाही नाही. तीनशेंत एखादा गरजू, पैसेवाला, हट्टी भेटलाच तर भेटला. फक्त त्या आकड्याला बाजारभाव म्हणू नये.

साडेचार झाले होते. मुदत संपून नाव सुटेल का, हेही बघून ठेवलं. मुदत दोन वर्षांवर, आणि संपली तरी सवलतीचे दिवस, परत मिळवण्याचे दिवस असे दोन-अडीच महिने सहज जातात. तोवर दोन हंगाम उलटतील. मी काकांना म्हटलं, जुन्या लाकडी पेटीवर काय लिहिलेलं असायचं? आजोबांच्या नावाची दोन अक्षरं आणि आडनाव, वाशीच्या दलालाकडं माल त्याच खुणेनं ओळखला जातो. शोधलं तर तेच, पुढं आंबे लावून, डॉट इन मोकळं होतं. पहिल्या वर्षाला हजाराच्या आत. डॉट कॉमही मोकळं होतं, तेही उचललं. देवनागरीतलं डॉट भारतही घ्यायचा मोह मला झाला, पण फोनवर पत्ता देवनागरीत टाइप करणारं गिऱ्हाईक अजून क्वचितच दिसतं, तो सोडला. मुलीला नाव जरा जुनाट वाटलं. काकांना बेहद्द आवडलं. मला विचाराल तर गावाच्या नावापेक्षा हेच बरं. गावाच्या नावावर कुणीही हक्क सांगेल; या नावाचा ट्रेडमार्क काकांना मिळू शकतो, आणि पुढं कुणी त्यावर डल्ला मारला तर सकाळची ती नोटीस तेव्हा खरोखर पाठवता येईल. ट्रेडमार्कचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात भरला.

आर्टवर्क पावणेसहाला गेलं. दहा मिनिटांत छपाईवाल्याचा फोन.

"साहेब, इथं नुसतं डॉट इन आहे. कॉम टाकायचं राहिलं का?"

"नाही, डॉट इनच छापायचंय."

"डॉट को डॉट इन नाही?"

"नाही."

"व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा बुवा. पाच हजार खोकी आहेत, नंतर मला बोलू नका."