टीआरएनए प्रकल्प, नोंद ६: यू आणि साय अखेर वेगळे दिसले

टीआरएनए म्हणजे प्रथिनं बनताना अमिनो आम्लं वाहून आणणारा छोटा आरएनए. तो कापून त्याचे सुटे घटक सेल्युलोजच्या प्लेटवर द्रावणांच्या धावेने वेगळे करायचे आणि त्यातला बदललेला घटक शोधायचा, असा हा प्रकल्प. मागच्या नोंदीतली प्लेट आठवत असेल. सगळा माल आरंभरेषेवरच ठाण मांडून बसला होता. दोन रविवार मी द्रावणांना दोष देत होतो, चूक निघाली माझ्याच बाटलीत. यीस्टचा टीआरएनए मी सवयीने ट्रिस-ईडीटीएमध्ये विरघळवून ठेवला होता. तो कापणाऱ्या न्यूक्लिएज पी१ या एन्झाइमला जस्त लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच गिळून बसतो. काही कापलंच गेलं नाही, तर सरकणार काय? मग इथेनॉलने साका पाडून तो साध्या पाण्यात घेतला, ५.३ पीएचचं अ‍ॅसिटेट घातलं आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवला. सुटं झालं सगळं.

यावेळची शिकार स्यूडोयुरिडीन, म्हणजे ग्रीक अक्षर साय (दुधावरची नव्हे). युरिडीन (यू) हा आरएनएच्या चार नेहमीच्या घटकांपैकी एक. त्यातले सगळे अणू तेच, फक्त साखर नायट्रोजनऐवजी पाचव्या कार्बनला जोडलेली. म्हणून दोघांचं वजन तंतोतंत सारखं, २४४. नुसतं वजन पाहणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला हा फरक कळत नाही. आधी क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून दोघांना वेगळं करावं लागतं. आपली सेल्युलोजची प्लेट तेच काम स्वस्तात करते, म्हणून मला ती प्रिय.

पहिली धाव आयसोब्युटिरिक आम्ल, अमोनिया, पाणी, ६६:१:३३. हे फ्यूम हूडखालीच करा. मी केलं, तरी शर्टाला खवट लोण्याचा वास दोन धुण्यांपर्यंत राहिला आणि घरी मला बाल्कनीत जेवावं लागलं. प्लेट रात्रभर वाळवली, मग काटकोनात फिरवून दुसरी धाव: आयसोप्रोपॅनॉल, हायड्रोक्लोरिक आम्ल, पाणी, ७०:१५:१५. इथे यू पुढे जातो, साय मागे रेंगाळतो.

२५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली हिरव्या चमकेवर चार ठसठशीत काळे ठिपके, आणि यूच्या मागे एक फिकट पाचवा. हर्ष झाला, पण ठिपका म्हणजे पुरावा नव्हे. चार प्लेटांवरचे ते पाचवे ठिपके खरवडून पाण्यात उतरवले आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा वक्र काढला. उदासीन पाण्यात शिखर २६२ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे यूसारखंच. मग अल्कली घालून पीएच १२ केला, तर शिखर २८३ला सरकलं! सायच्या कडीवर एक जादा नायट्रोजन-हायड्रोजन मोकळा असतो, तो अल्कलीत प्रोटॉन सोडतो. यूकडे ती सोय नाही, त्याचं शिखर जागचं फारसं हलत नाही. शुद्ध सायचं २८६ला यायला हवं. तीन नॅनोमीटर कमी, म्हणजे खरवडताना थोडा यू आला असणार.

एक खटकतंय. डायहायड्रोयुरिडीन, म्हणजे आणखी एक बदललेला यू, यीस्टच्या टीआरएनएत भरपूर, पण त्याच्या कडीतला दुहेरी बंध गेलेला, त्यामुळे तो २५४चा प्रकाश शोषतच नाही. प्लेटवर तो कुठेतरी आहे आणि मला दिसत नाही.

मी काही मिलिग्रॅम विकत आणून, तेही सगळ्या टीआरएनएंचं मिश्रण, एवढी धावपळ करतो. जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट होलींनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सुमारे १४० किलो यीस्टमधून अ‍ॅलानिनचा एकच टीआरएनए जेमतेम एक ग्रॅम काढला, आणि १९६५मध्ये त्याचा पूर्ण क्रम छापला, बदललेल्या न्यूक्लिओटाइडांसकट.

पुढचं पाऊल सीएमसी हा रासायनिक अभिकर्मक. तो यू, जी (ग्वानोसिन) आणि साय तिघांनाही चिकटतो, पण १०.४ पीएचच्या अल्कलीत यू-जीवरून सुटतो आणि सायवर टिकून राहतो. मग आरएनएवरून डीएनए लिहिणारा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्या जागेच्या एक घर आधी थांबतो, म्हणजे ठिपक्याऐवजी साखळीतला पत्ताच मिळतो. एन्झाइम मागवलंय. बर्फाची पेटी कोणाकडे जादा असेल तर कळवा, माझी गळते.