पहिल्या दिवशी मला कचरा उचलू दिलाच नाही

ओढा साफ करणाऱ्या एका संस्थेत नाव नोंदवलं त्याच्या पुढच्याच रविवारी सकाळी ६.३० ला मी ओढ्याकाठी हजर. जुने बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, स्वतःची पाण्याची बाटली, ग्रुपवर आलेल्या यादीतलं सगळं बरोबर होतं. त्या वाटेवरून जाता-येता ओढ्यातला कचरा बघून कितीतरी वर्षं माझी चिडचिड झालीये, आणि आज एकदाचा हातात चिमटा घ्यायचा आणि तो कचरा उचलायचा एवढंच डोक्यात होतं. पण आमच्या कोऑर्डिनेटर ताईंनी मला चिमटा दिलाच नाही. कागद लावलेलं पॅड दिलं आणि पेन्सिल दिली (पेन नाही, कारण कागद ओला झाला की शाई पसरते) आणि म्हणाल्या, तू आज लिहायचंस.

मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं ताई, मी उचलायला आलेय. तर म्हणाल्या, "उचलायला पुष्कळ जण आहेत गं, लिहायला कोणी तयार होत नाही, आणि लिहिलं नाही तर पुढच्या वर्षीही आपण इथेच वाकलेले असू."

आधी टेपने १०० मीटर मोजले. मग दर १० मीटरला झुडपाला नाहीतर दगडाला जुन्या कापडाची पट्टी बांधली, म्हणजे १ ते १० असे दहा भाग झाले. उचलणाऱ्यांनी वस्तू गोणीत टाकताना तिचं नाव मोठ्याने सांगायचं, मी त्या भागाच्या रकान्यात रेघ मारायची, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. बाटली, झाकण, वेफर-बिस्किटाचं रॅपर, कप, थोटूक, थर्माकोल, काच, धातू, कपडा, औषधी कचरा. तुकडे असले तर ते वेगळे, कारण एका फुटक्या कपाचे सहा तुकडे सहा कप म्हणून लिहिले तर पुढचा सगळा हिशोबच चुकतो.

पहिला अर्धा तास नुसती धांदल. तीन जण एकदम ओरडतायत, "झाकण, झाकण, रॅपर", कोण कुठल्या भागात आहे ते कळेना, शेवटी मी सगळ्यांना थांबवलं आणि एका वेळी एकच भाग करूया असं सांगितलं. ते जमलं. मग एक लय लागली.

भाग २ मध्ये एक जुना बाक आहे, तिथे थोटकांच्या रेघा संपेनात. मी म्हटलं कापूसच तो, कुजून जाईल, इतकं का मोजायचं? तेव्हा ताईंनी सांगितलं की सिगारेटच्या फिल्टरमध्ये कापूस नसतोच, तो सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे प्लास्टिकच, वर्षानुवर्षं राहतं आणि धुराबरोबर जे शोषलेलं असतं ते पाण्यात सुटतं. आणि हे सगळं लोकांनी मोजलं म्हणून लक्षात आलं. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर २८०० स्वयंसेवक कचरा उचलायला जमले, पण तिथल्या आयोजक बायकांचा आग्रह होता की उचललेली प्रत्येक वस्तू कार्डावर लिहायची. तीच मोहीम पुढे जगभर पसरली, आणि त्या कार्डांच्या बेरजेत कितीतरी वर्षं थोटकं एक नंबरला होती. मी त्यानंतर परत काही कुरकुर केली नाही.

मधेच भाग ५ मधून एकाने हात वर केला, सिरिंज! सगळे जिथल्या तिथे थांबले, हा नियमच आहे. त्याने वाकून हात घातला नाही ते फार बरं केलं. ताईंनी जाड भिंतीचा, झाकणाचा डबा आणून जमिनीवर ठेवला. हातात धरायचा नाही, नाहीतर सुई डब्यात जायच्या ऐवजी धरणाऱ्याच्या बोटात जाते. सुईवर टोपण परत बसवायचं नाही, लांब चिमट्याने पकडायची आणि टोक खाली करून डब्यात सोडायची. दोन मिनिटांचं काम, पण मला घाम फुटला होता, कारण आमच्यात दोन शाळकरी मुलं होती. (पोरांना आता आम्ही फक्त आधी नजरेखालून घातलेल्या भागातच सोडतो, हे तेव्हापासून पक्कं झालं.)

उचलणं संपल्यावर ताडपत्रीवर सगळ्या गोण्या ओतल्या. संस्थेत नवीन प्लास्टिकच्या पिशव्या वापरत नाहीत, धान्याच्या जुन्याच गोण्या धुऊन धुऊन वापरतात, ग्लोव्ज पण धुता येणारे. मला हे फार पटलं, कारण कचरा उचलायला जाऊन आपणच पन्नास पिशव्यांचा नवीन कचरा करायचा याला काय अर्थ आहे.

तिथे एक काका होते, प्लास्टिकच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले. मी त्यांना विचारलं, पाण्याच्या कडेला झाकणांची रांगच्या रांग आहे आणि बाटल्या त्या मानाने एवढ्या कमी कशा? त्यांनी बादलीत पाणी घेतलं, बाटलीचा एक तुकडा कापून टाकला, तो बुडाला. झाकण टाकलं, ते तरंगलं. बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, पाण्यापेक्षा जड, झाकण पॉलिप्रॉपिलीन नाहीतर एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं. झाकण घट्ट बसलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगत पुढे जाते, पण झाकण निघालं की बाटलीत पाणी भरतं आणि ती तळाला बसते. म्हणजे काठावर दिसतं तो अर्धाच कचरा. मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, "तळ बघायचा राहिला."

रॅपरचा ढीग सगळ्यात मोठा होता आणि वजनकाट्यावर सगळ्यात हलका. याचा मी खूप विचार केला नंतर. आपण नेहमी "इतके किलो कचरा काढला" असं सांगतो, पण किलोमध्ये चिखल पण असतो, ओल पण असते, एक भिजलेली गादी शेकडो रॅपरना मागे टाकते. आणि हीच रॅपर पुढे कुठे जात नाहीत. त्यात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून ती कोणी विकत घेत नाही. सुका कचरा घ्यायला आलेल्या ताईंनी बाटल्या, पत्रा, पुठ्ठा सगळं बाजूला काढलं आणि रॅपरकडे बघितलं पण नाही, त्यांचा काय दोष, त्यांचं पोट त्यावर आहे. २०१७ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास छापून आला होता, त्यात असं होतं की २०१५ पर्यंत जगात जेवढ्या प्लास्टिकचा कचरा झाला त्यातलं साधारण ९ टक्केच रिसायकल झालं, १२ टक्के जाळलं गेलं आणि उरलेलं ७९ टक्के डंपिंगवर किंवा निसर्गात पडून आहे. हा आकडा मी आधी पण वाचलेला, पण त्या ढिगासमोर बसून तो पहिल्यांदा कळला.

सगळे पांगले आणि मी सावलीत बसून भागवार बेरीज करायला घेतली. आणि इथे मी अडकले. मला खात्री होती की बाकाजवळ, म्हणजे भाग २ मध्ये, सगळ्यात जास्त घाण असणार, कारण लोकं तिथे बसतात. पण निम्म्याहून जास्त रेघा भाग ७ आणि ८ मध्ये होत्या. तिथे बाक नाही, वळण नाही, उभं राहायला सावली पण नाही. मी दोनदा बेरीज केली. मग कागद घेऊन भाग ७ मध्ये जाऊन उभी राहिले आणि वर बघितलं.

वर रस्त्याच्या कडेला कचऱ्याचा डबा होता. मोठा, उघड्या तोंडाचा.

मग रकाने परत वाचले. भाग ७-८ मध्ये काय होतं, तर रॅपर, कागदी कप, टिश्यू, फॉइल, पातळ पिशव्या, म्हणजे वाऱ्याने उडणारं सगळं. बाटल्या, काच, पत्रा जवळजवळ नाहीच. कोणी वरून फेकत असतं तर जड वस्तू पण सापडल्या असत्या ना. म्हणजे हा कचरा कोणी ओढ्यात टाकलेलाच नव्हता, लोकांनी तो डब्यात टाकला होता.

मी त्या सकाळी किमान दहा वेळा तरी म्हणाले असेन, की लोकांना शिस्तच नाही.

ताईंना फोन केला तर म्हणाल्या, अंदाज नको, संध्याकाळी जाऊन बघू. ५ वाजता आम्ही दोघी डब्यापासून थोड्या लांब बसलो. डबा काठोकाठ भरलेला. कावळे काठावर बसून पिशव्या ओढत होते, एका कुत्र्याने अख्खी पिशवी खाली ओढून फोडली. मग एक आई आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी आली. मुलीच्या हातात रॅपर होतं. ते तिने रस्ता ओलांडेपर्यंत मुठीत धरून ठेवलेलं, डब्याजवळ आली, चवड्यांवर उभी राहिली, ढिगावर ते नीट ठेवलं आणि वर हाताने दाबलं पण. आई म्हणाली "शाब्बास." दोघी पुढे गेल्या आणि त्या वळणापर्यंत पोचायच्या आत वाऱ्याने ते रॅपर उचललं आणि खाली ओढ्याकडे नेलं.

त्या दोघींनी मागे वळून बघितलं नाही. मला रडू आलं, खरं सांगते. ताई काहीच बोलल्या नाहीत, खाली उतरून ते रॅपर घेऊन आल्या आणि खिशात ठेवलं.

जाताना त्यांनी मला रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९० चा प्रयोग सांगितला. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर त्यांनी पत्रकं लावून ठेवली, आणि मालक ती कुठे टाकतो ते बघितलं. जमीन आधीच घाण असली की जास्त लोकांनी पत्रक खाली टाकलं, स्वच्छ असली की कमी. म्हणजे डब्यातून उडालेला कचरा तिथेच थांबत नाही, तो बघून बाकीचे पण टाकायला लागतात.

त्या रात्री आम्ही तक्ता नीट मांडला, दहा भाग, वस्तूंची नावं, डब्याची जागा, वाऱ्याची दिशा, संध्याकाळचे फोटो, आणि कचरा उचलणाऱ्या यंत्रणेला पत्र दिलं. मागणी दोनच, डब्याला ढकलून उघडणारं झाकण आणि संध्याकाळच्या आत कचरागाडीची एक जादा फेरी. याआधी संस्थेने "परिसर अस्वच्छ आहे" अशी पत्रं दिलेली, त्यांना उत्तर आलं नव्हतं. या पत्राला आलं. झाकण बसायला तीन महिने गेले, चार चकरा झाल्या, जादा फेरी अजून रोज होत नाही, पण होते.

मी आता संस्थेत नोंदींचंच काम बघते. दर महिन्याला तोच १०० मीटरचा पट्टा, त्याच पट्ट्या, तेच रकाने. झाकण बसल्यानंतरच्या मोजणीत भाग ७-८ चे रकाने इतके रिकामे होते की मी स्वतः खाली उतरून परत बघून आले, काही सुटलं तर नाही ना म्हणून. तळाची पण एकदा मोजणी केली, पाणी घोट्याएवढं असताना, बाटल्या तिथेच होत्या, काका म्हणाले तशा.

भाग २ मधली थोटकं मात्र तेवढीच आहेत. तिथे डबा जवळ आहे, भरत पण नाही, पण पेटतं थोटूक कागद पडलेल्या डब्यात टाकायला लोकं घाबरतात, हे बाकावर बसणाऱ्या एका आजोबांनीच मला सांगितलं. म्हणून मागच्या आठवड्यात बाकाच्या पायाला एक पत्र्याचा डबा बांधलाय, अर्ध्यापर्यंत वाळू भरून. भाग २ ची मोजणी येत्या रविवारी आहे.