पहिल्या तेवीस जणांच्या पलीकडे

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच्या अंतिम सामन्याने संपतो. मात्र त्याचा बराचसा निकाल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत, प्रेक्षक नसलेल्या सरावाच्या मैदानांवर लागून गेलेला असतो, असे माझे ठाम मत आहे. संघाचे पहिले तेवीस खेळाडू कोण, याची चर्चा सगळेच करतात. मला मात्र चोविसाव्या क्रमांकापासून पुढच्या खेळाडूंची यादी अधिक महत्त्वाची वाटते, कारण हंगामपूर्व काळात दुखापतींना तोंड फुटले, की संघ किती पाण्यात आहे ते हीच यादी सांगते.

कोल्हापुरात राहून या खेळाचा नाद लागलेली माणसे फार नसतील. मला तो पुतण्यामुळे लागला. नोकरीनिमित्त तो मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो आणि तिथल्या वेस्टर्न बुलडॉग्ज या संघाचा कट्टर समर्थक झाला आहे. पेठेच्या फुटबॉल संघासाठी शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडत वाढलेल्या मुलाला परक्या शहरातही एखाद्या वस्तीचा संघ लागणारच होता, आणि फुटस्क्रे या कामगारवस्तीतून उभा राहिलेला हा क्लब त्याला आपला वाटला, यात मला काहीच नवल वाटले नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की तो क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर, निवडलेल्या तेवीस जणांपैकी दोन्ही बाजूंना प्रत्येकी १८ खेळाडू मैदानात घेऊन, वीस-वीस मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो, आणि खेळ थांबलेला वेळ धरला, तर प्रत्येक सत्र अर्ध्या तासाच्या घरात जाते. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात सहज बारा किलोमीटरांहून अधिक धावतो. शिवाय चेंडू झेलण्यासाठी दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून घेतलेल्या उड्या, मागून येणाऱ्या पकडी आणि पूर्ण वेगात झालेल्या धडका असतातच. संघाला मैदानातले खेळाडू आत-बाहेर करता येतात, पण एका सामन्यात अशा अदलाबदली फार तर ७५ वेळा. असे २३ सामने साखळीत, आणि अंतिम टप्पा गाठला तर त्यावर आणखी. शरीराची एवढी झीज होणाऱ्या खेळात कोणताही संघ वर्षभर तेच तेवीस खेळाडू उतरवू शकत नाही.

येथे हे सामने भरवणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची रचना समजून घ्यावी लागते. युरोपातल्या फुटबॉलप्रमाणे पैसे मोजून हवा तो खेळाडू आणता येत नाही. पगारावर एकूण मर्यादा आहे, नवे खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने करायच्या निवडीतून येतात, त्या ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला पहिला मान असतो, आणि क्लबांमधली देवाणघेवाण ऑक्टोबरच्या सुमारास आटोपते. क्लबची एकूण यादी चाळिशीच्या थोडी वर जाते आणि तिथे थांबते. नोव्हेंबरात सराव सुरू होतो, तेव्हा दरवाजे जवळजवळ बंद झालेले असतात. त्यानंतर एखाद्याचा गुडघा गेला, तर त्याला निष्क्रिय यादीत टाकून हंगामपूर्व पूरक निवडीच्या सवलतीतून एखादा बाहेरचा खेळाडू घेता येतो, किंवा २०१९ पासून पुन्हा सुरू झालेल्या मध्य-हंगामी ड्राफ्टची वाट पाहता येते. अशा वाटेनेही हिरे सापडतात. २०२१ च्या मध्य-हंगामी ड्राफ्टमधून हॉथॉर्नने घेतलेला जाय न्यूकोम पुढे त्यांच्या मधल्या फळीचा कणा झाला. तरीही या आणीबाणीच्या सोयी आहेत. संघाची खोली, म्हणजे पहिल्या फळीमागची तयार खेळाडूंची फळी, आपल्याच घरात, आपल्याच पोरांना खेळवून तयार करावी लागते.

खोली म्हणजे केवळ डोकी नव्हेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. मधल्या फळीत सहा-सात धावपटू सहज सापडतात, पण उंच खेळाडूंचे तसे नसते. पंचाने उंच फेकलेला चेंडू टोलवून आपल्या माणसांकडे देणारा रक हा त्या खेळातला सर्वांत दुर्मीळ जिन्नस. दोन मीटर उंचीच्या अठरा वर्षांच्या मुलाचे अंग भरायला आणि धडका सोसायला पुढची चार-पाच वर्षे लागतात, त्यामुळे पहिला रक जायबंदी झाला आणि दुसरा अजून कोवळा असला, तर सामना दर चेंडूफेकीपासूनच निसटत जातो. पुतण्या फोनवर म्हणतो, "काका, पहिली टीम कुणीही सांगेल हो, आमचा दुसरा रक कोण ते सांगा." त्याचा हा प्रश्न अगदी रास्त आहे.

दुखापतींकडे वळू. या लीगमधल्या दुखापतींची १९९२ पासून पद्धतशीर वार्षिक नोंद ठेवली जाते, आणि त्या नोंदीत मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची दुखापत वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिली आहे. लीगच्या संकेतस्थळावर हंगामात दर मंगळवारी सर्व क्लबांच्या दुखापतींचा तक्ता लागतो, तो मी न चुकता वाचतो. तीन रकाने असतात: खेळाडू, दुखापत, परतण्याचा अंदाज. शेवटच्या रकान्यात कुणापुढे 'चाचणी', कुणापुढे 'दोन ते तीन आठवडे', कुणापुढे 'अनिश्चित' आणि ज्याचे दैव रुसले त्याच्यापुढे 'हंगाम' एवढा एकच शब्द. मला सर्वांत जास्त भीती 'अनिश्चित' या शब्दाची वाटते. पायाच्या हाडाला ताणामुळे गेलेली बारीक चीर किंवा पुन्हा पुन्हा ओढली जाणारी पोटरी अशा न सुटणाऱ्या कोड्यांपुढेच तो हमखास दिसतो, आणि तो दोन-तीन तक्त्यांत टिकला की प्रशिक्षकाने त्या खेळाडूला मनातून वजा केले पाहिजे.

हंगामापूर्वीच गुडघा जाणे काय असते, हे सॅम डोकर्टीच्या कारकिर्दीवरून समजते. कार्लटनचा हा बचावपटू २०१७ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला होता, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात, सराव नुकताच सुरू झालेला असताना, त्याच्या गुडघ्याचे एसीएल, म्हणजे सांधा आतून बांधून ठेवणारे लिगामेंट, तुटले. २०१८ चा पूर्ण हंगाम त्याने बाहेर बसून काढला, आणि परतीची तयारी करत असताना डिसेंबर २०१८ मध्ये, पुन्हा हंगामपूर्व सरावातच, तेच लिगामेंट दुसऱ्यांदा गेले. दोन हंगामांत एकही सामना नाही, तरीही क्लबने त्याला २०१९ साठी सहकर्णधार केले. २०२४ मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तिसऱ्यांदा एसीएल तुटल्यावर तो त्याच वर्षी सप्टेंबरात बाद फेरीच्या सामन्यासाठी मैदानात उतरला, ही गोष्ट माझ्यासारख्याला आजही थक्क करते. परंतु क्लबच्या बाजूने पाहिले, तर असा एक खेळाडू गेल्यावर संपूर्ण बचावाची मांडणी बदलावी लागते, आणि ती बदलायला नोव्हेंबर हा मार्चपेक्षा बरा. कठोर वाटले तरी हे खरे आहे. सरावाच्या काळात गेलेल्या खेळाडूची जागा भरायला प्रशिक्षकाला निदान तीन-चार महिने तरी मिळतात.

त्या महिन्यांचा उपयोग कसा करावा, याचे उत्तर मला दोन विजेत्या संघांत सापडते. वेस्टर्न बुलडॉग्जने २०१६ मध्ये तिसऱ्याच फेरीत आपला कर्णधार बॉब मर्फी याला एसीएलच्या दुखापतीमुळे गमावले, पुढे जुलैत एकाच सामन्यात मिच वॉलिसचा पाय मोडला आणि जॅक रेडपाथचा गुडघा गेला. साखळीत सातव्या स्थानावर राहिलेल्या या संघाने लागोपाठ चार बाद सामने जिंकून १९५४ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले, आणि प्रशिक्षक लूक बेव्हरिज यांनी व्यासपीठावर आपले पदक मर्फीच्या गळ्यात घातले. रिचमंडने २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत अ‍ॅलेक्स रान्स हा आपला सर्वोत्तम बचावपटू गमावला, तरीही विजेतेपद त्यांचेच. उपांत्य सामन्यात जॅक ग्रॅहमचा खांदा दुखावल्यावर अंतिम सामन्यासाठी त्यांनी मार्लियन पिकेट या २७ वर्षांच्या खेळाडूला उतरवले, ज्याने लीगमध्ये तोपर्यंत एकही सामना खेळलेला नव्हता. अंतिम सामन्यात पदार्पण करणारा तो १९५२ नंतरचा पहिलाच खेळाडू ठरला, त्याने गोलही केला आणि रिचमंडने ८९ गुणांनी सामना जिंकला. वर्तमानपत्रांनी याला परीकथा म्हटले.

मला यात परीकथेपेक्षा वेगळेच काही दिसते. २०१६ मध्ये बुलडॉग्जच्या दुसऱ्या संघाने, फुटस्क्रेने, व्हिक्टोरियाची राज्य लीगही जिंकली होती. २०१९ मध्ये रिचमंडच्या दुसऱ्या संघानेही तीच लीग जिंकली, आणि त्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू पिकेटच होता, मुख्य अंतिम सामन्याच्या केवळ एक आठवडा आधी. म्हणजे या दोन्ही क्लबांकडे राखीव खेळाडू नुसते बाकावर बसलेले नव्हते. ते दर आठवड्याला पूर्ण चार सत्रे, त्याच पद्धतीचा खेळ, त्याच हाकांवर खेळत होते. याउलट २०१८ चा विजेता वेस्ट कोस्ट २०२२ मध्ये कोविड आणि दुखापती यांच्या कचाट्यात सापडला, तेव्हा त्याला राज्य लीगमधून तात्पुरते खेळाडू गोळा करावे लागले आणि २२ सामन्यांत दोनच विजय मिळाले. इतक्या मोठ्या संकटात कोणताही संघ डगमगला असता, हे मान्य करूनही, वय झालेल्या पहिल्या फळीमागे तयार दुसरी फळी नव्हती, हे माझे निदान कायम आहे.

आता सरावाच्या पद्धतीबद्दल, कारण दुखापत टाळणे हीदेखील खोली वाढवण्याचीच रीत आहे. नोव्हेंबरात आधी कोवळे खेळाडू हजर होतात, अनुभवी खेळाडू नंतर येतात, नाताळात सुटी असते, आणि जानेवारीपासून भार चढत जातो. जर्सीच्या मागे, दोन खांद्यांच्या मधोमध शिवलेल्या लहानशा खिशात जीपीएसचे यंत्र असते. कोण किती धावला आणि त्यातले किती अंतर पूर्ण वेगात कापले, हे त्यातून कळते. गेल्या काही आठवड्यांच्या मानाने या आठवड्याचा भार एकदम उडी घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. शस्त्रक्रियेतून उठलेले खेळाडू वेगळ्या गटात, सीमारेषेलगत फिजिओबरोबर पळत असतात. फेब्रुवारीतल्या सराव सामन्यांत नावाजलेल्या खेळाडूंना खेळवावे की जपावे, यावर दरवर्षी वाद होतो. मी खेळवण्याच्या बाजूचा आहे, कारण ज्याचा हंगामपूर्व सराव बुडाला तोच हंगामात अधिक वेळा जायबंदी होतो, हे क्लबांच्या अनुभवाने पुरेसे दाखवून दिले आहे.

आपल्याकडे कोल्हापुरात पेठांचे सामने दिवाळीनंतर रंगात येतात, आणि पावसाळाभर विस्कळीत झालेला सराव अगदी तोंडावर आल्यावर घाईघाईने भरून काढला जातो. एखाद्या मुलाची मांडी पहिल्या पंधरवड्यातच ओढली जाते. तो क्रेप बँडेज आवळतो, थंड स्प्रे मारून घेतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा उतरतो, कारण त्याच्या जागी उतरायला तयार असा दुसरा कोणी नसतो आणि पेठेची इज्जत पणाला लागलेली असते. मग तीन आठवड्यांचे दुखणे तीन महिन्यांचे होते. दुखण्याबरोबर खेळणारा मुलगा शूर असतो, यात शंका नाही. पण त्याला दुखण्यातही खेळावेच लागते ही संघाची उणीव आहे, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी त्या मुलाची नाही, आम्हा थोरांची आहे.

जीपीएस आपल्याला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. जोर-बैठकांच्या या गावात शरीर हळूहळू कमवावे लागते हे कुणाला सांगावे लागत नाही. यात्रेच्या मैदानात उतरणारा मल्ल आदल्या आठवड्यात मेहनतीला लागत नाही, फुटबॉलपटूनेही लागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. हॅमस्ट्रिंगसाठी जगभर केला जाणारा नॉर्डिक नावाचा व्यायाम तर फक्त दोन माणसांत होतो. एकाने गुडघ्यांवर ताठ बसायचे, दुसऱ्याने मागून त्याचे दोन्ही घोटे जमिनीशी घट्ट दाबून धरायचे, आणि पहिल्याने कंबरेत न वाकता, पाठ आणि मांड्या एका रेषेत ठेवून, जमेल तितके सावकाश पुढे झुकत जायचे. मध्येच तोल सुटतो आणि हात टेकावे लागतात. काही आठवड्यांत ते सुटण्याचे ठिकाण जमिनीच्या जवळ सरकते. या व्यायामामुळे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्याला लागते ती जुनी सतरंजी आणि एक जोडीदार.

आमच्या पेठेतल्या मुलांपुढे मी हे मांडले, तेव्हा व्यायामाला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती दुसऱ्या संघाला दर आठवड्याला सामना मिळावा या मागणीला. मैदान मिळत नाही, पंच मिळत नाहीत आणि राखीव मुलांचा सामना पाहायला कोणी येत नाही, ही कारणे खरी आहेत. म्हणून तूर्त ठरले आहे ते असे, की शेजारच्या पेठेच्या राखीव मुलांबरोबर सकाळी लवकर, निम्म्या मैदानावर, सात-सात जणांचे सामने खेळायचे आणि पहिल्या संघातला दुखण्यातून उठलेला मुलगा थेट साखळी सामन्यात न उतरवता आधी तिथे उतरवायचा. त्याला किती मिनिटे खेळवायचे, हे तो स्वतः ठरवणार नाही आणि त्याचे मित्रही ठरवणार नाहीत. ते काम गावातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी आपणहून पत्करले आहे.