एम४२ लेन्स आणि डिजिटल बॉडी: फोकस कुठवर आला

हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) ही हाताने फोकस करायची जुनी लेन्स कॅनन ईओएस डिजिटल बॉडीवर आता चांगली रुळली आहे. बसवण्यात फार काही नव्हतं. तिची जोडणी एम४२, म्हणजे जुनी आट्यांची. एम४२ चं फ्लँज अंतर (लेन्स बसते तिथून सेन्सरपर्यंतचं) ४५.४६ मिमी, ईओएसचं ४४. मधल्या जेमतेम दीड मिलिमीटरमध्ये अ‍ॅडॉप्टरची चकती मावते आणि इन्फिनिटी (अगदी लांबचा फोकस) शाबूत राहते. निकॉनवाल्यांची पंचाईत आहे. त्यांचं अंतर ४६.५, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरमध्ये जादा काच घ्या, नाहीतर लांबच्या फोकसवर पाणी सोडा.

खरी झटापट व्ह्यूफाइंडरशी. फिल्म कॅमेऱ्यात स्प्लिट प्रिझमच्या (फाइंडरच्या मधोमध चित्र दोन तुकड्यांत दाखवणारी काच) दोन फाका जुळल्या की काम झालं. डिजिटल बॉडीची स्क्रीन ऑटोफोकसच्या मंद (कमी प्रकाश घेणाऱ्या) झूमबरोबरही उजळ दिसावी अशी बनवलेली असते. फाइंडरला डोळा लावून अ‍ॅपर्चरची रिंग एफ/२ वरून एफ/२.८ वर फिरवून बघा: मागची धूसरता जवळपास तेवढीच दिसते, फोटोत मात्र फरक ठळक असतो. एफ/२ ची खरी डेप्थ (किती खोलीपर्यंत शार्प आहे ते) फाइंडर दाखवतच नाही, तर डोळे शार्प आहेत की नाक, हे त्यात कळणार कसं?

चिपवाल्या अ‍ॅडॉप्टरने फाइंडरमध्ये फोकस जुळल्याचा दिवा लागतो, पण फोकसची रिंग थोडी पुढेमागे झाली तरी तो लागलेलाच राहतो. सध्याची माझी पद्धत: रिंग नेहमी जवळून लांब फिरवायची, दिवा लागताच थांबायचं, आणि किंचित पुढे सरकत दोनतीन फ्रेम घ्यायच्या. स्थिर विषय असेल तर सरळ ट्रायपॉड आणि लाइव्ह व्ह्यू १० पट. त्याला तोड नाही.

हेलिओसची प्रीसेट रिंग या कामी फार सोयीची. अ‍ॅपर्चरचा आकडा आधी लावून ठेवायचा, पूर्ण उघड्यावर फोकस करायचा, मग नजर न हटवता दुसरी रिंग बंद. एव्ही मोडमध्ये (अ‍ॅपर्चर आपलं) शटरचा वेग कॅमेराच ठरवतो. क्रॉप (लहान) सेन्सरवर तिचा तो प्रसिद्ध भोवरा (मागची धूसरता गोल फिरल्यासारखी दिसणं) बराचसा कापला जातो, ज्यांना तोच हवा आहे त्यांनी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची बॉडी) बघावी. (काही फुल फ्रेम बॉडींत इन्फिनिटीला आरसा काही जुन्या लेन्सच्या मागच्या काचेला घासतो, आधी चौकशी करा.)

दुसरी जुनी लेन्स, सुपर-टाकुमार ५०/१.४, अजून उन्हात पडून आहे. थोरियमच्या काचेचा पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो, पण घाई चालत नाही. तोवर रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) सावरून घेतो.

पुढचं काम स्प्लिट प्रिझमची स्क्रीन. बॉडीची स्क्रीन बदलता येते, मीटरिंग (प्रकाशाचं मोजमाप) किती हलतं तेवढं तपासायचं आहे.